बँक आणि लेखापाल यांनी एकमेकांकडे अशील कसे पाठवावेत: ठाणे-नवी मुंबईतील पेढ्यांसाठी

नौपाड्यात, पाचपाखाडीत किंवा वाशीत नवी पेढी सुरू केलेल्या तरुण सनदी लेखापालांचा एक प्रश्न मी नेहमी ऐकतो. आजूबाजूला बँकांच्या इतक्या शाखा आहेत, तर त्यांच्याकडून आपल्याकडे काम कसे येईल, असा तो प्रश्न असतो. माझ्या अनुभवानुसार तो उलट बाजूने विचारावा. आपल्या अशिलाची कर्जाची फाइल आपण बँकेकडे कशा अवस्थेत पाठवतो, यावर बँक आपल्याकडे कोणाला पाठवील हे ठरते. व्हिजिटिंग कार्ड व्यवस्थापकाच्या खणात पडून राहते, पण आपल्या सहीने आलेल्या कागदांवर वरच्या कार्यालयातून किती शंका निघाल्या, हे कर्ज अधिकाऱ्याच्या पक्के लक्षात असते.

कायद्याची चौकट आधी नीट समजून घ्यावी, कारण या विषयातील बहुतेक चुका तिच्याबाहेर पाऊल टाकल्यामुळे होतात. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीच्या भाग १ मध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या सभासदांसाठी निषिद्ध गोष्टी दिल्या आहेत. खंड २ प्रमाणे आपल्या शुल्कातील वाटा, कमिशन किंवा दलाली बाहेरच्या व्यक्तीला देता येत नाही, म्हणजे काम पाठवणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला काहीही देणे बंद. खंड ६ प्रमाणे परिपत्रक, जाहिरात, पत्र किंवा प्रत्यक्ष भेट यांच्या मार्गाने काम मागता येत नाही. खंड ११ प्रमाणे सनदी लेखापालांच्या संस्थेच्या (आयसीएआय) परवानगीवाचून दुसरा व्यवसाय करता येत नाही, त्यामुळे बँकेचा एजंट होऊन दर कर्जामागे टक्केवारी घेण्याचा मोह पूर्णपणे बाजूला ठेवावा. सरकारी बँकेचा अधिकारी १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखाली लोकसेवक असतो, हेही विसरू नये. दिवाळीला आमच्या पेढीतून बँकांत दिनदर्शिका जाते, त्यापलीकडे काहीही जात नाही, आणि त्यामुळे आजवर एकही संबंध बिघडलेला नाही.

सनदी लेखापाल नसलेले कर सल्लागार आणि हिशेबनीस यांना हा अधिनियम लागू नाही. तरीही कर्ज मंजूर झाल्यावर कोणाकडून मोबदला मिळणार असेल, तर तो अशिलाला आधी लेखी कळवणे त्यांनी स्वतःवर बंधनकारक करून घ्यावे. आपल्याला ज्या बँकेत पाठवले ती आपल्या सोयीची होती की पाठवणाऱ्याच्या, हे कळण्याचा हक्क प्रत्येक कर्जदाराला आहे.

मग काम न मागता बँकेत पाय ठेवायचा कसा? त्याचे सरळ उत्तर असे की अशिलाचे काम घेऊन जावे. कर्जमर्यादेचे नूतनीकरण असो, नवे मुदत कर्ज असो किंवा परदेशी पैसे पाठवण्याचे प्रमाणपत्र असो, त्या निमित्ताने कर्ज अधिकाऱ्यासमोर बसावे आणि तिथे केवळ त्या फाइलबद्दल बोलावे. व्यवस्थापकाशी चहा घेण्यापेक्षा कर्ज अधिकाऱ्याबरोबरचा अर्धा तास मला अधिक मोलाचा वाटतो, कारण कर्जाच्या शिफारशीचे टिपण तोच लिहितो. जाण्याची वेळही पाहावी. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च यांच्या शेवटच्या आठवड्यात शाखेत कोणालाही मान वर करायला सवड नसते आणि सप्टेंबरअखेरीस आपणही करलेखापरीक्षणात बुडालेले असतो. इतर महिन्यांच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दुपारी तीननंतर गेल्यास निवांत बोलणे होते.

शाखा निवडताना पाटीवरचे नाव नव्हे, त्या शाखेत कोणते काम होते ते पाहावे. अनेक मोठ्या बँकांत ठराविक रकमेवरचे उद्योगकर्ज शाखेत मंजूरच होत नाही, ते प्रक्रिया केंद्राकडे जाते, आणि अशा वेळी शाखेत कितीही ओळख असली तरी त्या केंद्रातील अधिकाऱ्याला काय हवे असते हे माहीत नसेल तर फाइल अडते. महापे, रबाळे किंवा पावणे येथील निर्यातदाराला परकीय चलनाचे व्यवहार रोज हाताळणारी शाखा लागते, घराजवळची शाखा त्याच्या उपयोगाची नसते. ठाण्यातील जुन्या कारखानदारांचे दोन-दोन पिढ्यांचे खाते सहकारी बँकेत असते. १९७२ मध्ये येथे सुरू झालेली ठाणे जनता सहकारी बँक, म्हणजे आजची टीजेएसबी, हे त्याचे ठळक उदाहरण. अशा अशिलाला केवळ व्याजाच्या पाव टक्क्यासाठी तिथून हलवण्यापूर्वी मी दोनदा विचार करतो, कारण अडचणीच्या महिन्यात त्याला ओळखणारा माणूस समोर असणे हेही मोलाचे असते. मात्र कोणत्याही बँकेतील ठेवींवरील विमासंरक्षण प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंतच आहे, हे शिल्लक रक्कम बाळगणाऱ्या अशिलाला सांगणे हाही आपल्या सल्ल्याचाच भाग आहे.

वाशीच्या बाजार समितीतील फळव्यापाऱ्याची गरज आणखी वेगळी असते. हापूसच्या हंगामापूर्वी त्याला कोकणातील बागायतदारांना आगाऊ रकमा द्याव्या लागतात, माल फेब्रुवारी-मार्चपासून वाढत जातो आणि पैसा मे-जूनपर्यंत परत येतो. अशा माणसाला वर्षभर एकसारखी कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे गरजेप्रमाणे उचलता आणि भरता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, देणे बँकेलाही सोयीचे नसते आणि त्यालाही नसते. हंगामाची वेगळी आणि बिगरहंगामाची वेगळी अशी मर्यादा बँका मंजूर करतात, पण ती मागावी लागते, आणि मागताना मागच्या दोन-तीन वर्षांची महिनावार विक्री, खरेदी आणि शिल्लक यांचा तक्ता जोडावा लागतो. हा तक्ता लेखापालावाचून कोणी करून देत नाही. तो हातात पडल्यावर कर्ज अधिकाऱ्याचे निम्मे टिपण लिहून झालेले असते.

आता फाइलकडे वळू. सगळे काही तिच्यावर अवलंबून आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

वागळे इस्टेटमध्ये पावडर कोटिंगचा कारखाना चालवणारे आमचे एक अशील खेळत्या भांडवलासाठी साठ लाखांची मर्यादा हवी म्हणून आले. विक्री दोन कोटींच्या आसपास होती आणि हातातील ऑर्डर पाहता पुढील वर्षी दोन कोटी चाळीस लाखांचा अंदाज रास्त होता. लघुउद्योगांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या पद्धतीप्रमाणे खेळत्या भांडवलाची गरज अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के, म्हणजे साठ लाख धरली जाते, पण त्यातील उलाढालीचे पाच टक्के, म्हणजे बारा लाख, मालकाने स्वतः घालायचे असतात आणि उरलेले अठ्ठेचाळीस लाख बँक देते. साठ लाखांची मागणी येथेच मोडली. त्यानंतर आम्ही ड्रॉइंग पॉवर, म्हणजे हातातील माल आणि येणी यांच्या आधारे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, काढली. माल अठ्ठावीस लाखांचा होता आणि त्यातील दहा लाखांचे पैसे पुरवठादारांना द्यायचे होते, म्हणजे स्वतःचा माल अठरा लाख. त्यावर पंचवीस टक्के मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा वाटा, वजा केल्यावर साडेतेरा लाख उरले. येणी सेहेचाळीस लाख होती, पण त्यातील दहा लाख नव्वद दिवसांहून जुनी. ती वगळून छत्तीस लाखांवर पंचवीस टक्के मार्जिन धरल्यास सत्तावीस लाख. एकूण साडेचाळीस लाख. अठ्ठेचाळीस लाख मंजूर करून घेतले असते, तरी त्यांना त्या दिवशी साडेचाळीस लाखांपलीकडे उचलता आले नसते.

आम्ही चाळीस लाखांचा अर्ज केला. त्यासोबत जुन्या दहा लाखांच्या वसुलीचा तपशील, कोणत्या दोन गिऱ्हाइकांकडे ती रक्कम अडकली आहे आणि ती कधीपर्यंत येईल, हे वेगळ्या पानावर लिहिले. कर्ज अधिकारी बाईंनी ते पान पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “सीए साहेब, हे तुम्ही आधीच वेगळं दाखवलंत, बरं झालं. नाहीतर मला आठ दिवसांनी विचारावंच लागलं असतं.” मार्जिनची टक्केवारी प्रत्येक बँकेत थोडी वेगळी असते, तेव्हा ती आधी विचारून घ्यावी, पण हे गणित अशील बँकेची पायरी चढण्यापूर्वी आपल्या टेबलावर झालेले असावे.

प्रत्येक फाइलसोबत एक पानाचे टिपण द्यावे. धंदा काय आहे, पैसा कशासाठी हवा आहे, तो कशातून फिटेल, तारण काय आहे, आणि दुबळी बाजू कोणती. हे शेवटचे कलम टाळायचे नाही. मी सुरुवातीच्या काळात ते टाळले होते. एका कुटुंबाच्या चांगल्या चाललेल्या उद्योगाची फाइल मी एका शाखेत दिली. त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या कंपनीचे हप्ते काही महिने उशिरा गेले होते, हे मला माहीत होते, पण अर्जात तसा रकाना नाही म्हणून मी गप्प राहिलो. पतअहवालात ते दिसलेच. फाइल परत आली, आणि पुढचे जवळपास वर्षभर त्या शाखेत आमच्या पेढीच्या प्रत्येक कागदाची दुप्पट तपासणी होत राहिली. ज्यांचा काही दोष नव्हता अशा अशिलांनाही माझ्या गप्प बसण्याचा त्रास झाला, याची खंत मला आजही आहे. हप्ते थकण्याचे कारण खरे आणि समजण्यासारखे होते. ते मी आधीच लिहिले असते, तर कदाचित कर्जही मंजूर झाले असते.

फाइल पाठवण्यापूर्वी विक्रीचे तीन आकडे एकमेकांशी लावून पाहावेत: लेखापरीक्षित नफा-तोटा पत्रकातील, जीएसटी विवरणपत्रांतील आणि बँक खात्यातील जमेचा. ते तंतोतंत जुळत नाहीत. आगाऊ रकमा, क्रेडिट नोटा, मालकाने स्वतः घातलेले पैसे अशी कारणे असतात. पण फरकाचा ताळमेळ आपण लिहून दिलेला असावा. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असावाच. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांसाठी हा अठरा अंकी क्रमांक सक्तीचा आहे आणि बँका तो संकेतस्थळावर पडताळून पाहतात. पुढील वर्षांच्या अंदाजांवर सही करताना विशेष जपावे. ते अंदाज खरे ठरतील याची हमी लेखापाल देत आहे असा समज होईल, अशा रीतीने आपले नाव वापरू देणे सनदी लेखापाल अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे गैरवर्तन ठरते. अंदाज व्यवस्थापनाचे आहेत आणि ते कोणत्या गृहीतकांवर उभे आहेत, हे त्यात स्पष्ट लिहावे.

अशिलाला एकाच बँकेचे नाव कधीही सुचवू नये. दोन किंवा तीन नावे द्यावीत, व्याजदर, प्रक्रिया शुल्क, तारणाची अट आणि लागणारा वेळ यांची तुलना एका कागदावर मांडावी आणि निवड त्याच्यावर सोपवावी. पुरेसे तारण नसलेल्या लघुउद्योजकाला पत हमी योजनेची माहिती आवर्जून द्यावी. ही हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या न्यासाच्या हमीची कमाल मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून पाच कोटींवरून दहा कोटी रुपये झाली आहे, तरी वागळे इस्टेटमधील अनेक छोटे मालक आजही घर गहाण ठेवल्याशिवाय कर्ज मिळतच नाही असे समजून बसलेले आढळतात. अगदी नवा उद्योग असेल, तर त्याला आधी जिल्हा उद्योग केंद्राकडे पाठवून पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात तो बसतो का हे पाहावे. अनुदान मिळू शकणाऱ्या माणसाला साध्या कर्जाच्या रांगेत उभे करणे हे आपल्या सल्ल्यातील उणेपण ठरेल.

अशिलाची माहिती बँकेला देण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी. कोणते कागद, कोणत्या शाखेला, कोणत्या कामासाठी, या तीन गोष्टी तीत असल्या की पुरे. अशिलाच्या संमतीवाचून त्याची माहिती उघड करणे सनदी लेखापाल अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे गैरवर्तन आहे. त्याखेरीज डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे ही काळजी आता प्रत्येक पेढीला घ्यावी लागेल. आमच्या एका अशिलाचा मोबाइल क्रमांक मी केवळ तोंडी एका शाखेत दिला होता. कर्जाचे काही होण्याआधीच त्याला विम्याच्या पॉलिसीसाठी फोन येऊ लागले आणि तो रागावून माझ्याकडे आला, तो योग्यच होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक अशिलाला आधीच सांगतो की तारण दिलेल्या मालाचा आणि यंत्रांचा विमा कर्जाच्या अटींत असतो, पण त्यासोबत पुढे केलेली आयुर्विम्याची पॉलिसी घ्यायची की नाही हा सर्वस्वी त्याचा निर्णय आहे.

मंजुरीपत्र हाती आले की बहुतेक पेढ्या आपले काम संपले असे मानतात. बँकेच्या दृष्टीने ते तेव्हा सुरू होते. अशील कंपनी असेल, तर तिच्या मालमत्तेवरील बोजाची नोंद निबंधकांकडे तीस दिवसांत व्हायला हवी. शिल्लक माल आणि येणी यांचे विवरणपत्र, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जायला हवे, कारण तीन महिन्यांहून जुन्या विवरणपत्रावर काढलेली ड्रॉइंग पॉवर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अनियमित धरली जाते आणि ही अनियमितता सलग नव्वद दिवस राहिली तर खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे बुडीत होण्याचा धोका असलेले, ठरू शकते. मर्यादेचे नूतनीकरण देय तारखेपासून एकशे ऐंशी दिवसांत झाले नाही तरी तेच होते. म्हणजे धंदा उत्तम, व्याज वेळेवर, आणि केवळ कागद न गेल्यामुळे खाते बिघडले, असे घडू शकते. अशी वेळ आली तर शाखेतील अधिकाऱ्याला वरून जाब विचारला जातो. म्हणून आम्ही सर्व कर्जदार अशिलांच्या नूतनीकरणाच्या तारखा एका तक्त्यात ठेवतो आणि दोन महिने आधी कागद गोळा करायला घेतो. ज्या पेढीच्या अशिलांची विवरणपत्रे बँकेला फोन न करता पोहोचतात, त्या पेढीचे नाव शाखेत आपोआप घेतले जाते.

आणि मग बँकेकडून माणसे येऊ लागतात. चालू खाते उघडायला आलेल्याला जीएसटी नोंदणी हवी असते. घोडबंदर रोडवरील सदनिका विकून पैसे परदेशी नेऊ इच्छिणाऱ्या अनिवासी भारतीयाला करविषयक प्रमाणपत्र हवे असते आणि एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातील उत्पन्नाच्या) खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच रक्कम नेता येते हे कोणीतरी समजावून सांगायला हवे असते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेला लेखापरीक्षक हवा असतो, तेव्हा मात्र आपण सहकार खात्याच्या नामतालिकेवर असलो तरच ते काम घेता येते. या सर्वांना शाखेने आपले एकट्याचे नाव सांगू नये, दोन-तीन पेढ्यांची नावे सांगावीत, असे आपणच व्यवस्थापकाला सुचवावे. त्यात आपले काम थोडे कमी होईल, पण कोणी तक्रार केली तर व्यवस्थापक अडचणीत येणार नाही. त्या माणसाचा आधीच कोणी लेखापरीक्षक असेल, तर अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील खंड ८ प्रमाणे त्याला लेखी कळवल्याशिवाय लेखापरीक्षण स्वीकारू नये.

बँकेने पाठवलेल्या अशिलाबाबत एक अवघड प्रसंग कधीतरी येतोच. अधिकारी फोन करून सहज विचारतो, “त्यांचं नेमकं कसं चाललंय हो?” येथे उत्तर एकच असावे: अशिलाच्या परवानगीने लेखी कळवतो. हे ऐकून काही अधिकारी क्षणभर नाराज होतात. पण उद्या याच अधिकाऱ्याच्या ओळखीचा कोणी आपल्याकडे आला, तर त्याचीही गुपिते आपण अशीच जपू, हे त्याला कळते. त्याचप्रमाणे आपण ज्या अशिलाचे हिशेब लिहितो, त्याच्याच स्टॉक ऑडिटचे, म्हणजे बँकेच्या वतीने माल तपासण्याचे, काम बँकेने देऊ केले तर नम्रपणे नाकारावे. एखाद्या शाखेचे समवर्ती लेखापरीक्षण (वर्षभर चालू व्यवहारांची तपासणी) आपल्याकडे असेल, तर तिथे आपल्या अशिलांच्या कर्जाच्या फाइली पाठवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. तपासणारा आणि शिफारस करणारा एकच असला की दोन्ही कामांचे वजन जाते.

पाठवलेल्या आणि आलेल्या प्रत्येक नावाची नोंद ठेवावी. तारीख, काम, शाखा, किती दिवस लागले, निकाल, नकाराचे कारण. साधी वही चालते. एप्रिलमध्ये ती उघडून पाहिली की कोणती शाखा कोणत्या कामाला योग्य आहे हे ओळखीपाळखीपेक्षा स्पष्ट दिसते. नकाराची कारणे तर पुन्हा पुन्हा वाचावीत. आमच्या वहीत एक वर्ष असे होते की चारपैकी तीन नकार आमच्याच टिपणांतील त्रुटींमुळे आले होते, आणि ते वहीवाचून आमच्या लक्षात आले नसते.

सरकारी बँकांतील व्यवस्थापक साधारण तीन वर्षांत बदलतो आणि बदल्या बहुधा एप्रिल ते जूनमध्ये होतात. ज्यांचे सगळे संबंध एका माणसावर उभे असतात त्यांना दर तीन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून जाणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या शेवटच्या आठवड्यात भेटून नव्याशी ओळख करून देण्याची विनंती करावी आणि नव्या व्यवस्थापकाच्या पहिल्या भेटीला जाताना त्या शाखेतील आपल्या सर्व अशिलांची यादी, त्यांच्या संमतीने, एका पानावर न्यावी: खात्याचे नाव, मर्यादा, शेवटचे स्टॉक स्टेटमेंट कोणत्या महिन्याचे, नूतनीकरण कधी. नव्या शाखेत रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात नेमकी हीच माहिती शोधायची असते.